पायरेट्सचे ११ पैकी ९ विजय बघून सप्टेंबरची तिकिटं काढू नका

पिट्सबर्गला नवीन आलात, आपल्या बेसबॉल टीमनं, पायरेट्सनी, २०२४ च्या सीझनमधल्या पहिल्या ११ पैकी ९ मॅच जिंकल्या, तर सप्टेंबरअखेरची दहा तिकिटं आत्ताच काढून ठेवू का आणि आई-बाबांचं परतीचं विमान प्लेऑफसाठी ऑक्टोबरवर ढकलू का, असं तुम्ही या एप्रिलमध्ये विचारलंय. वाचलं आणि मला माझा मागचा एप्रिल आठवला.

२०२३ मध्ये २९ एप्रिलपर्यंत आपण, म्हणजे पायरेट्स, २० जिंकून ८ हरलो होतो. त्याच्या आधीच्या वर्षी हीच टीम १०० मॅच हरली होती, त्यामुळे सगळं गावच हवेत होतं. ९ एप्रिलला मी मैदानात होतो. आपला ओनील क्रूझ धाव पूर्ण करायला होम बेसकडे घसरत आला, कॅचरवर आदळला आणि डावा घोटा मोडून तिथेच पडला. माझ्या शेजारचे आजोबा टोपी छातीशी धरून उभे राहिले, ते त्याला आत नेईपर्यंत. क्रूझचा सीझन तिथेच संपला, पण टीम जिंकतच राहिली. मला वाटलं, एवढा खेळाडू जाऊनही जिंकतात म्हणजे यंदा नक्की.

२९ एप्रिलच्या रात्री मी एका रीसेल कंपनीकडून ३० सप्टेंबरची आठ तिकिटं घेतली, मंडळातल्या मित्रांसाठी, ८४ डॉलरला एक. पुढच्याच दिवसापासून आपण सलग सात हरलो. जुलैत मित्रांनी अंग काढून घेतलं. तिकिटं विकायला गेलो तर ती माझ्या ॲपमध्ये आलेलीच नव्हती. मॅचच्या तीन दिवस आधी मिळतील, तोवर पुढे विकता येणार नाहीत, ही अट खाली बारीक अक्षरात होती. चार वेळा फोन केला. दरवेळी नवा माणूस, दरवेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि शेवटी ‘तक्रार बंद केली आहे’ असा मेल. तिकिटं हातात आली तेव्हा तशाच जागा तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत मिळत होत्या. पैशांपेक्षा त्या फोनांचा संताप अजून जात नाही. आणि ३० सप्टेंबरला आपल्याच मैदानावर मायामी मार्लिन्सनी त्यांचा प्लेऑफ प्रवेश साजरा केला. आपण ७६ विजय आणि ८६ पराभवांवर संपलो.

आता यंदाचं बघा. नऊपैकी चार विजय त्याच मार्लिन्सवर आहेत, आणि ते यंदा पहिल्या नऊच्या नऊ मॅच हरलेत. मागच्या एप्रिलमध्येही आपण कोलोराडो रॉकीज या टीमला तिन्ही मॅचमध्ये हरवून खूश झालो होतो, ते वर्षअखेर १०३ हरले. म्हणून किती जिंकल्या यापेक्षा कुणाला हरवलं ते आधी बघा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि सीझनच्या १६२ मॅचपैकी ११ म्हणजे आयपीएलच्या १४ मॅचच्या हिशेबात एकसुद्धा पूर्ण मॅच झालेली नाही.

मी आकडेतज्ज्ञ नाही, हेही सांगतो. १९८४ मध्ये डेट्रॉइट टायगर्सनी पहिल्या ४० पैकी ३५ जिंकून सुरुवात केली आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकूनच थांबले. उलट मागच्या वर्षी टॅम्पा बे रेज पहिल्या सलग १३ जिंकले, वर्षभरात ९९ जिंकले आणि प्लेऑफमध्ये घरच्या मैदानावर दोन मॅचमध्ये बाहेर गेले. यंदा आपलं खरंच जमलं तर मला तुमच्याइतकाच आनंद होईल. २०१५ नंतर आपण प्लेऑफ बघितलेलं नाही. २००८ मध्ये रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल या दोन भारतीय मुलांना याच क्लबनं करारबद्ध केलं, तेव्हापासून मी ही टीम धरून आहे.

विमानाचं तिकीट अजिबात हलवू नका. आई-बाबांना मे-जूनमध्येच न्या, रविवारची दुपारची मॅच बघा, तिसऱ्या बेसच्या बाजूला वरच्या मजल्यावर बसवा. तिथून नदी, पिवळा क्लेमेंटे पूल आणि डाउनटाउन समोर दिसतं. पूल परत उघडलाय, चालत जाता येतं. शाल मात्र बरोबर ठेवा, नदीवरचा वारा संध्याकाळी लागतो. आणि पॉल स्कीन्स हा क्लबचा तरुण पिचर (बॉल टाकणारा) या एप्रिल २०२४ मध्ये अजून इंडियानापोलिसला, क्लबच्या खालच्या पातळीच्या टीममध्ये, खेळतोय. त्याला वर बोलावल्याची बातमी आली की त्या दिवशी तिकीट काढा, थेट क्लबकडून, आणि ॲपमध्ये लगेच दिसतंय ना ते बघूनच पैसे भरा.