रोशाचं तेल आणि बाटलीवरचं पामरोसा एकच का? गुडघ्यांना तसंच लावलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की आजी थंडीत गुडघ्यांना रोशाचं तेल चोळायची आणि आता इतवारीतल्या दुकानदाराने रोशा म्हणून पामरोसा लिहिलेली बाटली दिली. हो, तेल तेच. पण बाटलीतलं थेट गुडघ्याला लावू नका.

रोशा म्हणजे आपल्याकडची तिखाडी. मेळघाटात, सातपुड्याच्या उतारांवर पावसाळ्यात हे गवत माणसाएवढं वाढतं. पाऊस सरल्यावर तुरे आले की कापतात, कारण तेल मुख्यतः तुऱ्यांत आणि पानांत असतं. पूर्वी नाल्याकाठीच भट्टी लागायची. मोठ्या भांड्यात गवत-पाणी, खाली जाळ, आणि वाफ बांबूच्या नळीतून वाहत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवायची. ती थंड झाली की पाण्यावर तेल तरंगतं. शंभर किलो गवतातून अर्धा किलो तेल मिळालं तरी चांगलं म्हणायचं.

गवताच्या दोन जाती आहेत, मोतिया आणि सोफिया. पाणी न साचणाऱ्या कोरड्या उतारावर मोतिया, ओलसर जागी सोफिया. दिसायला दोन्ही जवळपास सारख्या. पामरोसा निघतं ते मोतियापासून. त्यात साधारण ७५ ते ८५ टक्के जिरेनिऑल असतं, आणि गुलाबाच्या अत्तरातही हाच घटक असल्यामुळे दोघांचे वास जुळतात. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून पार इस्तंबूलपर्यंत जायचं आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. आपल्या रानातलं गवत गुलाबाच्या इतकं जवळ जातं, याचं मला फार कौतुक वाटतं. सोफियाचं तेल उग्र असतं, त्यात हा गुलाबी गोडवा नाही. बाटली उघडल्यावर आधी हेच बघा.

आता गुडघे. आखडलेली कंबर, सांधे, थंडीतली दुखणी यांवर रोशाचं तेल चोळायची रीत जुनीच आहे, पण ते दुसऱ्या तेलात मिसळून. ३० मिली तिळाच्या तेलात दहा थेंब पुरेत. तेल किंचित कोमट करून सावकाश चोळा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा, कारण जिरेनिऑलची काहींना ॲलर्जी असते. चोळण्याने आणि उबेने सांधा मोकळा वाटतो, आणि दुखऱ्या गुडघ्याला तेवढा आराम नक्कीच मोलाचा आहे. मात्र झिजलेला सांधा त्याने भरून येत नाही. गुडघा सुजलेला, लाल किंवा गरम असेल तर चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

अरोमाथेरपीत हे तेल मन निवांत करायला आणि कोरड्या त्वचेच्या मालिशसाठी वापरतात. वासाने बरं वाटतं, हे मी मनापासून सांगतो. झोपेच्या किंवा नैराश्याच्या औषधाऐवजी मात्र ते वापरू नये. डिफ्यूझरमध्ये, म्हणजे हवेत वास पसरवणाऱ्या उपकरणात, तीन-चार थेंब, अर्धा तास, बस. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर आणि उघड्या खिडक्यांपुढे वास टिकत नाही, म्हणून ही मजा पावसाळ्यात आणि हिवाळ्यात घ्या. काही जण कूलरच्या पाण्यातच तेल टाकतात. तेल वर तरंगतं, पंप खालचं पाणी ओढतो, त्यामुळे वास नीट पसरत नाही आणि महाग तेल वाया जातं.

डासांचं म्हणाल तर जिरेनिऑलने ते दूर राहतात, पण तेल लवकर उडून जातं. डेंग्यूच्या दिवसांत मच्छरदाणीच लावा.

भेसळ ओळखायला कागदावर एक थेंब टाकून दिवसभर ठेवा. तेलकट डाग तसाच राहिला तर त्यात शेंगदाण्याचं किंवा दुसरं कुठलं तरी खाद्यतेल आहे. रॉकेल किंवा टर्पेन्टाईन मात्र या परीक्षेत सापडत नाही, ते नाकानेच ओळखावं लागतं.

तेल पोटात घेऊ नका, डोळ्यांजवळ नेऊ नका. तान्ह्या बाळांना लावू नका, आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. घरात मांजर असेल तर डिफ्यूझर टाळा. बाटली गडद काचेची घ्या आणि मे महिन्यात कपाटाच्या आत, अंधारात ठेवा. गाडीच्या डिक्कीत राहिलेलं तेल लवकर खराब होतं, आणि असं जुनं तेल त्वचेला जास्त त्रास देतं.