लोकांच्या कामधंद्यावर संशोधन करून पोट भरेल का?

सप्रेम नमस्कार.

देवगड तालुक्यातून आपण पाठविलेले पत्र मिळाले. आपली कन्या समाजशास्त्र घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माणसे कामधंदा कसा धरतात, तो का बदलतात, यावरच पुढे संशोधन करायचे म्हणते. असा विषय खरोखरच आहे का आणि असला तरी त्यावर तिचा चरितार्थ चालेल का, हा आपला प्रश्न आहे. आपले वडील परळच्या गिरणीत होते व १९८२ च्या संपानंतर गावी परतले, आपण कलमांची बाग सांभाळून हंगामात पेट्या भरण्याचे काम घेता आणि मोठा मुलगा पुण्यात आयटी कंपनीत आहे, हे आपण ओघात लिहिले आहे. मला तोच मजकूर महत्त्वाचा वाटला.

विषय आहे आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे तरुणांना व्यवसायनिवडीचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले. स्वतःला नीट ओळखावे, कामांची माहिती मिळवावी आणि दोहोंची विचारपूर्वक सांगड घालावी, ही त्यांची शिकवण. जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेली सहा व्यक्तिमत्त्वप्रकारांची उपपत्ती याच वाटेवरची असून आजच्या अनेक कलचाचण्या तिच्यावर उभ्या आहेत. एव्हरेट ह्यूज या समाजशास्त्रज्ञांनी मात्र १९३७ मध्येच दाखवून दिले होते की, माणसाच्या कामाच्या आयुष्याला दोन बाजू असतात: एक लोकांना दिसणारी पदांची व हुद्द्यांची, आणि दुसरी त्याची त्यालाच उमगणारी. ही दुसरी बाजू कोणत्याही चाचणीच्या गुणपत्रिकेत उतरत नाही, आणि माझ्या मते विषयाचा खरा गाभा तिथेच आहे.

पुढचे मोठे काम चिकाटीचे होते. डोनाल्ड सुपर यांनी १९५१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील मिडलटाउन गावी नववीत शिकणाऱ्या मुलग्यांचा अभ्यास हाती घेतला आणि ते मोठे होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. व्यवसायनिवड हा दहावी-बारावीनंतरचा एकच निर्णय नसून आयुष्यभर चालणारी घडण आहे, हा विचार त्यांच्यामुळे रुजला. एडगर शाइन यांनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतून व्यवस्थापन शिकून बाहेर पडलेल्या ४४ जणांना सुमारे दहा-बारा वर्षांनी पुन्हा गाठले आणि नोकऱ्या बदलल्या तरी माणूस कोणती गोष्ट सहसा सोडायला तयार होत नाही, हे शोधले. १९९० च्या दशकात एकाच कंपनीत निवृत्त होण्याचे दिवस सरू लागले, तेव्हा मायकेल आर्थर प्रभृतींनी संस्थांच्या सीमा ओलांडणाऱ्या करिअरची मांडणी केली.

आता ज्यांचा अभ्यास झाला ती माणसे कोण होती, हे पाहावे. शाळकरी मुलगे, व्यवस्थापनाचे पदवीधर, पगारदार नोकर. म्हणजे ज्यांच्यापुढे निवडीला वाव होता असे लोक. डेव्हिड ब्लुस्टिन यांनी २००६ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला की, जगातील बहुसंख्य माणसे काम निवडत नाहीत, मिळेल ते करतात, आणि अभ्यासकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. आपल्याकडे बेंगळुरूचे गिडियन अरुळमणी यांनी करिअर मार्गदर्शनाचा विचार भारतीय कुटुंब आणि संस्कृती लक्षात घेऊन केला आहे, पण करण्यासारखे अजून पुष्कळ शिल्लक आहे.

आपल्याच किनाऱ्याचे उदाहरण घ्या. एखादी बाई आषाढात भाताची लावणी करते, दिवाळीनंतर काजूच्या कारखान्यात बी फोडायला जाते आणि एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्या भरते. मच्छीमार नौकेवरच्या खलाशाला अनेकदा ठरावीक पगार नसतो. डिझेल-बर्फाचा खर्च वजा झाल्यावर जे उरते त्यातला वाटा त्याला मिळतो, आणि १ जून ते ३१ जुलै या साधारण बंदीकाळात तो दुसरे काही पाहतो. कोण काय काम करतो हे नोंदवणारी केंद्र सरकारची श्रमबल पाहणी २०१७ पासून होते आणि जानेवारी २०२५ पासून तिचे आकडे दरमहा येतात. वर्षाकाठी किमान ३० दिवस केलेले जोडकाम दुय्यम काम म्हणून नोंदवण्याची सोय तिच्यात आहे, हे चांगलेच आहे. पण ही बाई वीस वर्षांत एका कामावरून दुसऱ्यावर कशी गेली, कोणाच्या ओळखीने गेली, कोणत्या कर्जापायी गेली, हे त्या रकान्यांतून कळत नाही. गिरणी, बाग आणि आयटी अशी आपल्या घरातली तीन पिढ्यांची वाटचालही कळत नाही.

या शास्त्राचे पुढचे काम, माझ्या मते, इथेच आहे. यंत्रबुद्धीमुळे (एआय) कार्यालयातली कामे बदलत आहेत, अ‍ॅपवरून मिळणारी कामे वाढली आहेत आणि शहरातही एकाच नोकरीवर आयुष्य काढणे अवघड होत आहे. अनेक कामे जोडून संसार चालविण्याचा कोकणाचा अनुभव अभ्यासकांना तेव्हा लागणार आहे, आणि तो ज्यांना आतून ठाऊक आहे त्यांनी लिहिला तरच तो नीट लिहिला जाईल.

चरितार्थाबद्दल स्पष्ट लिहितो. प्राध्यापकांची पदभरती रेंगाळते आणि अनेकांना वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर काम करावे लागते, म्हणून केवळ त्या आशेवर राहू नये. मात्र पाहणी करणाऱ्या संस्था, स्वयंसेवी संस्थांचे प्रकल्प, कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग आणि शालेय समुपदेशन या ठिकाणी हेच शिक्षण उपयोगी पडते, अट इतकीच की तिला संख्याशास्त्र यायला हवे. मुलाखत घेणे तिला जमेल असे आपल्या पत्रावरून वाटते. आकड्यांची भीती मात्र याच वर्षी घालवावी.

एम.ए.साठी मुंबई विद्यापीठाचा १९१९ मध्ये स्थापन झालेला समाजशास्त्र विभाग किंवा देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था, यांपैकी जिथे प्रवेश मिळेल तिथे जावे. नेट या प्राध्यापकपदाच्या व संशोधन छात्रवृत्तीच्या पात्रता परीक्षेला समाजशास्त्राखेरीज श्रमकल्याण हा विषयही आहे, तोही तिने पाहून ठेवावा. त्या परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली, तर दरमहा ३७,००० रुपये मिळतात आणि पीएच.डी.चा भार घरावर पडत नाही. एम.ए.ची दोन वर्षे आणि नेटसाठी एक वर्ष, अशी तीन वर्षे आपण तिला द्यावीत. तोवर छात्रवृत्ती हाती आली नाही, तर तिने पाहणी संस्थेत नोकरी धरावी आणि पीएच.डी. अर्धवेळ करावी, हे आपण, तिची आई आणि ती, तिघांनी बसून आत्ताच ठरवून टाकावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक