‘बॉनी अँड क्लाइड’ आणि ‘द हायवेमेन’ यांपैकी कोणता चित्रपट खऱ्याच्या जास्त जवळ जातो?

दोन्ही चित्रपट बॉनी आणि क्लाइड या १९३०च्या दशकातल्या अमेरिकन दरोडेखोर जोडीवर आहेत. घटनांपुरतं बोलायचं तर २०१९चा ‘द हायवेमेन’. १९६७चा ‘बॉनी अँड क्लाइड’ चित्रपट म्हणून कितीतरी सरस आहे, पण इतिहासासाठी त्याच्यावर विसंबू नका.

सगळ्यात मोठा अन्याय झालाय तो फ्रँक हेमरवर, म्हणजे या जोडीच्या मागावर असलेल्या पोलीस अधिकाऱ्यावर. जुन्या चित्रपटात बॉनी आणि क्लाइड हेमरला पकडतात, बांधून त्याच्यासोबत फोटो काढतात आणि मग तो त्याचा सूड उगवतो. प्रत्यक्षात २३ मे १९३४च्या सकाळी पोलिसांनी दबा धरून त्यांना ठार केलं, तोपर्यंत त्याची आणि या जोडीची गाठच पडली नव्हती! हेमरच्या बायकोने कोर्टात दावा लावला आणि शेवटी चित्रपट काढणाऱ्या कंपनीने पैसे देऊन तो मिटवला.

‘द हायवेमेन’मध्ये कॅमेरा पाठलाग करणाऱ्यांकडे आहे. केव्हिन कॉस्टनरचा हेमर एका पोराच्या मागे धावतो आणि त्याला धाप लागते, पोरगं निसटतं. वुडी हॅरलसनचा गॉल्ट, म्हणजे हेमरचा साथीदार, तोही तसाच थकलेला. बॉनी आणि क्लाइडचे चेहरे मात्र जवळजवळ दिसतच नाहीत. दिसतो तो बॉनीचा ओढत टाकलेला पाय, आणि तो खरा आहे. जून १९३३मध्ये टेक्सासात वेलिंग्टनजवळ गाडीला अपघात झाला, त्यात तिचा पाय असा भाजला की पुढे तिला नीट चालता आलं नाही. जुन्या चित्रपटात बॉनी झालेल्या फे डनवेच्या ऐटबाज चालीत याचा मागमूसही नाही.

बँका लुटणारे म्हणून त्यांचा बोलबाला असला, तरी त्यांनी जास्त करून किराणा दुकानं आणि पेट्रोल पंपच लुटले. पण मंदीत बँका बुडाल्या, लोकांच्या ठेवी गेल्या, कर्जापायी शेतं गेली; त्यामुळे बँकेला लुटणारा कोणीही लोकांना आपलाच वाटायचा. नव्या चित्रपटातला पंपावरचा माणूस हेमरला तेच ऐकवतो आणि मार खातो. माझ्या मते सबंध चित्रपटातला हा सगळ्यात चांगला प्रसंग.

चुका यातही आहेत. गॉल्ट सुरुवातीपासून सोबत दाखवलाय, खरा तो एप्रिलमध्ये आला. शेवटी हेमर रस्त्यात उभा राहून त्यांना ललकारतो, तीही सिनेमाची सोय. टोळीतल्या हेन्री मेथविनच्या बापाचा ट्रक चाक काढून रस्त्याकडेला लावला होता. तो ओळखून क्लाइडने फोर्डचा वेग कमी केला. झुडपात सहा पोलीस दबा धरून होते. त्यांच्या जबान्या एकमेकांशी जुळत नाहीत, पण पहिली गोळी स्थानिक डेप्युटी प्रेंटिस ओकलीची, असं बहुतेक जण मानतात. शरण यायला वेळ मिळालाच नाही. एकूण सुमारे १३० गोळ्या झाडल्या गेल्या.

नंतर गाडीभोवती उसळलेली गर्दी पाहून तुम्हाला वाटेल, हे जरा अतीच केलंय. तसं नाही. लोकांनी खरोखरच बॉनीचे केस कापून नेले, कपड्यांचे तुकडे नेले, आणि एकजण तर क्लाइडचा कान कापायला निघाला होता.

दोन्ही पाहणार असाल तर आधी १९६७चा पाहा. उलट क्रमाने पाहिलेत तर बांधलेला हेमर बघून चिडचिड होईल. माझी झाली.