फोक्सवॅगनचा वोल्फ्सबुर्गचा कारखाना हिटलरने उभारला होता, हे खरं आहे का?

हो, खरं आहे. २६ मे १९३८ रोजी हिटलरच्याच हस्ते त्याची कोनशिला बसली. पण तेवढंच सांगितलं तर पैसा कुणाचा होता आणि राबलं कोण, हे राहून जातं. मी चाकण पट्ट्यात प्रेस शॉपमध्ये काम करतो. मला तरी हाच भाग महत्त्वाचा वाटतो.

पैसा कामगारांचाच होता. नाझींनी १९३३ साली कामगार संघटना मोडून त्यांची मालमत्ता जप्त केली. ती ज्या 'जर्मन लेबर फ्रंट'कडे, म्हणजे नाझींच्याच कामगार संघटनेकडे गेली, तिनेच हा कारखाना काढला. तिथे बनवायच्या गाडीची (हीच पुढची 'बीटल') किंमत ९९० मार्क. आठवड्याला ५ मार्कांचं तिकीट घेऊन वहीत चिकटवायचं, हप्ते पुरे झाले की गाडी. सुमारे ३,३६,००० लोकांनी असे पैसे भरले. तेवढ्यात युद्ध पेटलं आणि त्यातल्या एकालाही ती गाडी मिळाली नाही.

युद्धात तिथे लष्करी गाड्या आणि उडत्या बॉम्बचे भाग बनत. त्यासाठी सुमारे २०,००० माणसांना जबरदस्तीने राबवलं: युद्धकैदी, छळछावण्यांतले कैदी, पोलंड आणि सोव्हिएत मुलखातून ओढून आणलेली माणसं. या कामगार बायकांची तान्ही बाळं त्यांच्यापासून काढून घेतली जात. जवळच्या र्‍यूएन गावातल्या पाळणाघरात अशी तीनशेहून जास्त बाळं दगावली. त्याबद्दल कारखान्याच्या डॉक्टरला युद्धानंतर फाशी झाली.

१९४५ मध्ये कारखाना ब्रिटिशांच्या हाती आला. बॉम्बहल्ल्यांनी इमारती मोडल्या होत्या, पण बरीचशी यंत्रं शाबूत होती. मेजर आयव्हन हर्स्ट या इंजिनिअर अधिकाऱ्याने एक गाडी ब्रिटिश लष्कराला दाखवली आणि २०,००० गाड्यांची ऑर्डर मिळवली. माझ्या मते कारखाना वाचला तो या ऑर्डरमुळे. १९४८ पासून हाइनरिष नोर्डहॉफ यांनी कारभार पाहिला, आणि ऑगस्ट १९५५ मध्ये दहा लाखावी बीटल बाहेर पडली.

तिकिटं चिकटवणारे मात्र कोर्टात झगडतच होते. १९६१ साली तडजोड झाली: नवी गाडी घेतली तर जास्तीत जास्त ६०० मार्कांची सूट.

तिकडे जाणं झालं, तर कारखान्याच्या आवारातल्या जुन्या हवाई हल्ला निवाऱ्यात वेठबिगारांचं स्मारक आहे, १९९९ सालचं. ते पाहता येईल का, हे आधी विचारून ठेवा.