लिनक्सवर घरच्या घरी ध्वनिमुद्रण: इंटरफेस कोणता घ्यावा?

प्रश्न: चवथीपूर्वी (गणेश चतुर्थीपूर्वी) घुमट आरत्या घरीच मुद्रित करायच्या आहेत. जुन्या लॅपटॉपवर उबुंटू आहे. गायक एकच, सोबत घुमट व शामेळ ही तालवाद्ये आणि कासाळे (झांजा). लिनक्सवर विनाकटकट चालेल असा स्वस्तातला ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारे यंत्र) सुचवा. – एक वाचक, फोंडा

उत्तर: खोक्यावर ‘लिनक्स’ शोधू नका, ते सहसा छापलेले नसते. यंत्र ‘क्लास कम्प्लायंट’ (वेगळ्या ड्रायव्हरशिवाय यूएसबीवर चालणारे) आहे का, एवढे दुकानदाराला विचारा. आयपॅडवर ड्रायव्हरशिवाय चालत असेल, तर ते बहुधा तसेच असते. मग कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) यूएसबी ऑडिओ ड्रायव्हर त्याला स्वतःच ओळखतो. दुसरी अट आम्ही तितकीच महत्त्वाची मानतो: गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते), ४८ व्होल्ट (कंडेन्सर माइकला लागणारा वीजपुरवठा) आणि डायरेक्ट मॉनिटर यांची बटणे यंत्रावरच हवीत. ती फक्त विंडोजच्या अॅपमध्ये असतील तर लिनक्सवर पंचाईत होते.

आपल्यासाठी बेहरिंगर यूएमसी२०२एचडी घ्यावा. यूएमसी२२ त्याहून स्वस्त आहे, पण त्याला माइकचा प्रीअॅम्प (माइकचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) एकच. दुसरे सॉकेट गिटारसारख्या वाद्याचे. गळा आणि घुमट एकाच माइकवर घेतले की नंतर आवाज वेगळे करता येत नाहीत, म्हणून दोन प्रीअॅम्प हवेतच. एक माइक गायकाला. दुसरा घुमट-शामेळाच्या मध्ये, आणि तो डायनॅमिक (४८ व्होल्ट न लागणारा, दणकट प्रकारचा) असू द्या. कासाळेवाल्याला दोन्ही माइकपासून चार-पाच हात लांब बसवा, नाहीतर त्याचाच आवाज सगळ्यांवर चढेल.

फोकसराइट स्कार्लेट २आय२ सुद्धा चांगला. चौथ्या पिढीचा घेणार असाल तर कर्नल ६.८ किंवा पुढचा ठेवा. त्याची सगळी नियंत्रणे तिथून मिळतात. सोलो मात्र घेऊ नका, त्यालाही माइकची जागा एकच.

जोडताना हब टाळून थेट लॅपटॉपच्या सॉकेटमध्ये लावा. पाइपवायर (लिनक्सची ध्वनियंत्रणा) असेल तर ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’च्या कॉन्फिगरेशन पानावर इंटरफेससाठी ‘प्रो ऑडिओ’ प्रोफाइल निवडा, म्हणजे दोन्ही चॅनल सुटे मिळतात. अर्डोर या मुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट ठेवा. सर्वांत जोरकस थाप उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल इतकाच गेन द्या. घुमटाची थाप सरावापेक्षा प्रत्यक्ष आरतीत जोरात पडते, हे धरून चला.

बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, फ्रेममध्ये मोजलेला) कमी करण्याच्या मागे लागू नका. १२८ फ्रेमना ४८ किलोहर्ट्‌झवर २.७ मिलिसेकंद लागतात, पण जुना लॅपटॉप तिथे धापा टाकतो. डायरेक्ट मॉनिटर चालू केला की गायकाला स्वतःचा आवाज संगणकात न शिरता थेट ऐकू येतो, म्हणून ५१२ किंवा १०२४ बिनधास्त ठेवा. आधीच्या ट्रॅकवर नंतर गाणार असाल तर आउटपुटमधून इनपुटमध्ये एक केबल लावून अर्डोरच्या ऑडिओ सेटअपमधून लेटन्सी (आवाजाला होणारा उशीर) मोजून घ्या, नाहीतर नवा ट्रॅक किंचित मागे पडतो.

प्रश्न: पावसाळ्यात मुद्रणात मधूनच तडतड येते. इंटरफेस बिघडला का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर: आधी अर्डोरमधला एक्सरनचा (संगणक वेळेत आवाज हाताळू न शकल्याच्या खंडांचा) आकडा पाहा. तडतडीबरोबर तो वाढत असेल तर बफर दुप्पट करा आणि वायफाय बंद ठेवा. आकडा शून्यच राहिला तर संशय कंडेन्सर माइकवर. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत कॅप्सूलमध्ये ओल शिरते, विद्युतभार गळतो आणि तडतड होते. माइक दिवसभर सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि मग पुन्हा तपासा. हेअर ड्रायर लावू नका. जेलच्या पुड्या ओल्या झाल्या की बदला.

तडतडीऐवजी सतत गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. ती थांबली तर दोष बहुधा चार्जरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये आहे. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, तोवर बॅटरीवर मुद्रण करा.