आयर्लंडच्या जुन्या जनावरांच्या बाजारात विकणाराच घेणाऱ्याला पैसे परत का द्यायचा? आणि मधला दलाल फुकटच खायचा ना?

दुसऱ्या वाक्यामुळे लिहायला बसलो. तेच वाक्य माझा धाकटा भाऊ गेली 10 वर्षं ऐकवतोय.

मी गॉलवेत राहतो. एका ऑक्टोबरात बॅलिनास्लोच्या घोडेबाजारात गेलो होतो. करड्या घोड्याचा सौदा 100 युरोंच्या फरकावर अडलेला. घेणारा तीनदा पाठ फिरवून निघाला, तीनदा एका टोपीवाल्या म्हाताऱ्यानं त्याला बाही धरून परत आणलं. हा टँगलर, म्हणजे मधला दलाल. दोघांचे पंजे ओढून तो एकमेकांवर आपटायला बघत होता, ‘निम्मं निम्मं करा’ म्हणत. मला मदतीची हुक्की आली. घेणाऱ्याला म्हटलं, पलीकडे असाच घोडा स्वस्तात आहे. टँगलरनं नुसतं बघितलं माझ्याकडे. सोबतच्या आयरिश मित्रानं मला ओढत बाजूला नेलं: चालू सौद्यात तिसऱ्यानं तोंड घालायचं नसतं! लहानपणी आमच्याकडच्या बाजारात उपरण्याखाली बोटांच्या खुणांनी सौदा चालू असताना मी मोठ्यानं आकडा विचारला, तेव्हा वडिलांनी याच गुन्ह्यासाठी कान पिळला होता.

शेवटी तळहातावर थुंकून टाळी पडली. नोटा मोजून झाल्यावर विकणाऱ्यानं 20 युरो परत दिले. हीच ‘लक पेनी’. जनावराबरोबर नशीबही जावं म्हणून देतात म्हणे. मला विचाराल तर ही सरळ सूट आहे. विकणारा गावात मोठा आकडा सांगायला मोकळा, घेणाऱ्याच्या खिशातही चार पैसे. ती किती द्यायची यावरही घासाघीस व्हायचीच.

भररस्त्यात भरणारे गुरांचे बाजार 1950-60 च्या दशकांत मार्टांनी, म्हणजे जनावरांच्या लिलावकेंद्रांनी, संपवले. तिथं काटा आणि लिलाव, टँगलरचं काम नाही. म्हातारे हळहळतात, पण पहाटे अंधारात गुरं हाकत यायचं आणि भाव पडला की तीच हाकत परत न्यायची, यात हळहळण्यासारखं काय होतं देव जाणे.

तरी टँगलर फुकट खात नव्हता. पुढच्या बाजारातही त्याला त्याच लोकांसमोर उभं राहायचं असायचं. आमच्या भावानं दलाल टाळून फोनवरच खोंड विकला, निम्मे पैसे घेऊन. घेणाऱ्याचा फोन त्यानंतर लागलेला नाही.

हां, काही टँगलर आतून व्यापाऱ्याचेच असायचे, हेही खरं.

भाऊ हे वाचेलच. उरलेले 18,000 आले का रे?