2200 एमएएचची 25सी लिपो बॅटरी किती अँपिअरवर चार्ज करावी?

तुमच्या रिमोटच्या विमानाचा लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर पॅक 3एस (एकापुढे एक जोडलेले तीन सेल), 2200 एमएएच, म्हणजे 2.2 अँपिअर-अवर क्षमतेचा. वर 25सी छापलंय. चार्जर 5 अँपिअरपर्यंत जातो, म्हणून थेट 5 लावू का, असं तुम्ही विचारलंय. नको. 2.2 लावा.

तो 25सी आकडा पॅकमधून करंट किती ओढता येईल त्याचा आहे; सी म्हणजे क्षमतेच्या आकड्याच्या किती पट. 2.2 गुणिले 25, म्हणजे कागदोपत्री 55 अँपिअर, तेही मोटरसाठी. आत किती भरायचा त्याचा आकडा वेगळा असतो आणि लेबलच्या मागे बारीक अक्षरांत सापडतो, कधी 2सी, कधी 5सी. तिथे काहीच छापलेलं नसेल तर 1सी धरायचं: 2200 एमएएचला 2.2 अँपिअर, 1500 ला 1.5. जुन्या पॅकला मी त्याच्याही निम्मं लावतो. वेळ दुप्पट लागतो, लागू दे. आणि पॅक फुगलेला असेल तर कुठल्याच दराने चार्ज करायचा नाही.

1सी वर रिकाम्या पॅकला बरोबर तासच लागेल असं समजू नका. सेल 4.2 व्होल्टच्या जवळ आला की चार्जर करंट आपोआप कमी करत जातो, हंडा काठाशी आला की आपण नळ बारीक करतो तसा. त्यात बॅलन्सिंग, म्हणजे तिन्ही सेलचं व्होल्टेज सारखं करणं, धरलं की तासाच्या वर जातंच. त्यासाठीची पॅकची बारीक तारांची जोडणी, म्हणजे बॅलन्स लीड, मात्र दरवेळी लावा.

आता अॅडॉप्टरकडे बघा, कारण हे सहसा कुणी सांगत नाही. 3एस पॅक भरत आला की 12.6 व्होल्ट असतो, 2.2 अँपिअरने गुणलं की जवळपास 28 वॅट. घरात पडलेला 12 व्होल्ट 2 अँपिअरचा अॅडॉप्टर 24 वॅटच देतो, शिवाय चार्जर स्वतःही थोडी वीज खातो. असा अॅडॉप्टर तापतो नाहीतर बंद पडतो. 12 व्होल्ट 5 अँपिअरचा घ्या.

करंटपेक्षाही घातक चूक मोड निवडण्यात होते. चार्जरवर NiMH, म्हणजे निकेल मेटल हायड्राइड बॅटरीचा मोड चुकून लागला, तर तो पॅक भरल्यावर व्होल्टेज किंचित खाली येण्याची वाट बघतो. लिपोत ती घसरण येतच नाही, त्यामुळे चार्जर भरतच राहतो आणि पॅक पेट घेऊ शकतो. स्टार्ट दाबण्याआधी पडद्यावर लिपो आणि 3एस, दोन्ही वाचा.

आपल्या सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, आणि लिथियम सेल चार्ज करायची वरची मर्यादा साधारण 45 अंश. पत्र्याच्या खोलीत, नुकत्याच उडवून आणलेल्या गरम पॅकला दुपारी 1सी सुद्धा जास्तच. मी उन्हाळ्यात पहाटेच लावतो, फरशीवर, आणि तिथेच बसून असतो. गादीवर किंवा लाकडी टेबलावर नको. परीक्षा जवळ आली असेल आणि आठ-पंधरा दिवस विमान बाहेर काढणार नसाल तर पूर्ण भरूही नका. चार्जरच्या स्टोरेज मोडवर टाका, सेलमागे 3.8 व्होल्टच्या आसपास तो स्वतःच थांबतो.